राखबेटांवरचा करवत मासा

‘टिटवी’ जहाजावरच्या पाहुण्यांचे खिसे उलटे करून झाडायचं काम दिगंबर कुबलकडे होतं, आणि ते तो देवघर पुसावं तसं करायचा. राखबेटांवर पाय ठेवण्याआधी प्रत्येकाला त्याच्या हाताखालून जावं लागे. बुटांच्या तळव्यातल्या खाचा दाभणाने कोरायच्या, मोज्यांवरून चिकटपट्टी फिरवायची, पिशव्यांच्या शिवणी बारीक नळीने ओढून साफ करायच्या. एखादं कुसळ निघालं तरी ते डबीत बंद करून वर तारीख घालायची. त्या सकाळी धुळ्याहून आलेल्या बागूल मॅडमच्या पर्सच्या तळाशी त्याला तिळाचे तीन दाणे सापडले.

बागूल मॅडम एकाहत्तर वर्षांच्या. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं, आणि समुद्र पाहिला तो थेट या सहलीत.

“संक्रांतीचे असतील,” त्या म्हणाल्या. “कुठल्या वर्षीच्या ते विचारू नका.”

दिगंबरने दाणे चिमट्याने उचलले. यातला एक रुजला तर दहा वर्षांनी बेटावर तिळाचं शेत उभं राहील, असं त्याने गंभीरपणे समजावलं. त्यावर मॅडमनी, मग त्या बेटाला माझंच नाव द्यावं लागेल, असं सांगून टाकलं. दिगंबर हसू दाबून पुढच्या माणसाच्या बुटांकडे वळला.

एवढी कडक तपासणी उगाच नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी अंदमानच्या पूर्वेला समुद्राचा तळ फाटला. दोन वर्षं वाफ, राख आणि उकळता चिखल वर येत राहिला, आणि तो निवला तेव्हा पाण्याबाहेर सात काळी बेटं उभी होती. तिथे गवताची काडी नव्हती की मुंगी नव्हती. आता तिथे जे येईल ते आपल्या पायाने, पंखाने, वाऱ्याने किंवा प्रवाहाने यायचं होतं. कोण आधी येतं, कोण टिकतं, कोण कुणाच्या आधाराने राहतं, हे पहिल्या दिवसापासून पाहण्याची संधी माणसाला क्वचितच मिळते. आधी समुद्रपक्षी आले. त्यांच्या विष्ठेवर शेवाळ धरलं, शेवाळावर किडे आले. मग कासवं ऊबदार काळ्या वाळूत अंडी घालू लागली. बेटांभोवती खालून गरम पाणी येई, त्याच्या कडेने माशांचे थवे जमत आणि थव्यांमागून देवमासे येत. वर्षातले चार महिने चार जहाजांना पाहुणे आणायची परवानगी होती. नियम एकच होता. बघा, पण काही आणू नका आणि काही नेऊ नका.

हा नियम मोडला तो दिगंबरनेच. मोडला हे त्याच्या गावीही नव्हतं.

मालवणच्या पुढे कोळंबखोल नावाची खाडी आहे. तिथल्या मासेमारी करणाऱ्या गाबितांची पोरं पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जहाजांवर जात आली. निघताना प्रत्येक जण आपल्या होडीच्या बुडाखालचं खाडीचं पाणी चिमूटभर गाळासकट बाटलीत भरून घेतो आणि नव्या समुद्रात गेल्यावर पहिल्या सकाळी ते जहाजाच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, ओततो. याला ओळख देणं म्हणतात. हा माणूस कुठल्या पाण्याचा, हे नव्या पाण्याला कळलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. दिगंबरने छत्तीस वर्षांत दर्यावर्दी म्हणून जिथे जिथे काम केलं तिथे तिथे ओळख दिली होती. राखबेटांचा समुद्र त्याला नवा होता. घरातून निघाल्याच्या चौथ्या दिवशी, उजाडताना, त्याने नाळेवर जाऊन बाटली रिकामी केली, हात जोडले आणि दाभण घेऊन पाहुण्यांचे बूट कोरायला खाली गेला.

नियमांचं पुस्तक त्याने वाचलं नव्हतं असं नाही. वाचायला तो उशिरा, चाळिशीत शिकला होता, त्यामुळे ओळीखाली बोट धरून शब्दन्‌शब्द वाचायचा. बिया, फळं, माती, प्राणी, कातडी, लाकूड, सगळं त्यात होतं. समुद्रात समुद्राचंच पाणी ओतू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ ही मातीच, हे त्याला सुचलं नाही. त्याच्या लेखी माती जमिनीची आणि गाळ खाडीचा.

या जहाजावर त्याला आणलं होतं त्याच्या मुलीने. शलाका ‘टिटवी’वरची शास्त्रज्ञ होती. तिच्या ताब्यात एक यंत्र होतं. कागदावर त्याला लांबलचक नाव असलं तरी जहाजावर सगळे त्याला नाक म्हणत.

नाकाचं काम समजायला सोपं होतं. पाण्यातून जो जीव जातो तो आपलं काहीतरी मागे सोडतो. खवला, चिकटा, विष्ठा, कातडीचा सूक्ष्म पापुद्रा. त्या प्रत्येक कणात त्या जीवाचा डीएनए असतो, म्हणजे तो कोण आहे हे सांगणारा धागा. पूर्वी असे धागे पाण्यातून गाळून प्रयोगशाळेत न्यावे लागत आणि वाचायला आठवडे जात. नाक ते वीस मिनिटांत वाचायचं. जहाजाच्या नाळेखाली एक नळी पाणी ओढत असे, आणि पुलावर, म्हणजे जहाज हाकायच्या वरच्या खोलीत, पडद्यावर यादी उमटे. दोन तासांपूर्वी इथून देवमाशाची मादी गेली, सोबत पिल्लू. सकाळपासून तीन कासवं. हे धागे उघड्या पाण्यात दोन-तीन दिवस टिकतात, मग विरून जातात. गाळाच्या कणांना चिकटून राहिले तर जास्त दिवस.

नाक आल्यापासून प्राणी पाहण्याच्या सहलींचं रूप पालटलं. पूर्वी माणसं चार-चार तास कठड्याला रेलून पाण्याकडे बघत बसत आणि दिवस संपताना एक शेपटी दिसली तरी घरी जाऊन महिनाभर सांगत. आता कंपन्या दर्शनाची हमी देत. पाहुणे पडद्याकडे बघत, पडदा सांगेल तेव्हा उठून दोन मिनिटं समुद्राकडे बघत आणि पुन्हा बसत. नाकाआधीच्या काळात दिगंबर मोठ्या पगाराचा माणूस होता. पाण्याचा रंग, पक्ष्यांचा कल, लाटेवरची सुरकुती बघून तो देवमासा कुठे वर येईल ते बोटाने दाखवायचा. ते बोट आता दाभण धरत होतं. मुलीवर त्याचा राग नव्हता, पण दोघं जेवायला समोरासमोर बसली की बोलणं आमटीपाशीच अडायचं. आपण बापाची विद्या मोडीत काढली हे शलाकाला ठाऊक होतं, म्हणूनच तिने त्याच्यासाठी ही नोकरी शोधली. तिने का शोधली हे त्यालाही ठाऊक होतं. त्यामुळे नोकरी गोड लागत नव्हती.

त्याच दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पडद्यावर, पहाटेच्या पाण्याच्या यादीत, एक नाव दिसलं आणि शलाका खुर्चीतून उठून उभीच राहिली. तिने यंत्राला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. करवत मासा.

लांब, चपटं नाक आणि त्याच्या दोन्ही कडांना दात, अगदी सुताराच्या करवतीसारखे. एकेकाळी भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर हा मासा होता. जाळ्यात त्याची करवत अडकते आणि सुटत नाही, त्यामुळे तो मोठ्या प्रमाणावर मेला. गेल्या बारा वर्षांत देशात कुठेही त्याची खात्रीची नोंद नव्हती. आणि आता, जिथे एकोणीस वर्षांपूर्वी फक्त वाफ होती, तिथे तो पोहोचला होता.

कॅप्टन इक्बाल मुकादम दाभोळचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनीसुद्धा पडद्यासमोर येऊन दोनदा नाव वाचलं आणि शलाकाच्या खांद्यावर हात ठेवला. मुंबईच्या संस्थेत शलाकाला कायमची जागा मिळायची की नाही, हे याच हंगामावर ठरणार होतं. तीन वर्षं ती या यंत्रासाठी भांडली होती. नाक म्हणजे पाहुण्यांना देवमासे दाखवायचं खेळणं, असं म्हणणारे लोक त्या संस्थेतच होते.

दिगंबरला बातमी कळली तेव्हा तो रबरी होड्यांत हवा भरत होता. त्याने पंप खाली ठेवला. त्याच्या आजोबांच्या घरात, दारावर, एक करवत टांगलेली होती, त्याच्या हाताहून लांब. जिवंत करवत मासा त्याने लहानपणी एकदाच पाहिला होता. तो वर गेला आणि त्याने सगळ्यांदेखत मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ही गोष्ट बऱ्याच वर्षांनी घडली. त्या दुपारी जेवताना दोघं आमटीच्या पुढे गेली.

नियमाप्रमाणे नाकाची प्रत्येक नोंद चोवीस तासांनी सर्वांसाठी खुली होई. समुद्र कुणा एकाचा नाही, तर त्याची माहितीही एकाची नको, असा त्यामागचा चांगला विचार. तिसऱ्या दिवशी राखबेटांपाशी उरलेली तिन्ही जहाजं येऊन उभी राहिली. प्रत्येकावर हमी घेतलेले पाहुणे होते आणि प्रत्येकाला करवत मासा हवा होता. रबरी होड्या बेटांच्या कडेकडेने घुमू लागल्या. नाकाला दुसऱ्यांदा काही सापडलं नाही. मासा पुढे सरकला असेल, म्हणून शोध आणखी पसरला. तिसऱ्या बेटाच्या दक्षिणेला बूबी पक्ष्यांची वसाहत होती. पाय पिवळट, अंगाने बदकाएवढे, माणसाला न भिणारे. होड्यांच्या आवाजाने ते सगळे एकदम उठले आणि दुपारभर वरच घिरट्या घालत राहिले. दिगंबर एका होडीवर होता. काळ्या राखेत उघडी पडलेली अंडी त्याला दिसत होती. ऊन चढत होतं. त्या राखेला हात लावला तर पोळत असे. त्याने आपली होडी मागे घेतली, पण इतरांच्या तिथेच होत्या.

संध्याकाळी तो पुलावर गेला तेव्हा शलाका मुंबईच्या संस्थेच्या समितीपुढे मांडायच्या कागदाची तयारी करत होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दिल्लीपासून मुंबईपर्यंतचे बारा शास्त्रज्ञ पडद्यावर तिचं ऐकणार होते. चहा घेऊन आलेल्या बागूल मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. कागदावरचं काही समजून घ्यायची त्यांची हौस दांडगी, आणि शलाकालाही ऐकणारं माणूस हवं होतं. पहिल्या दिवशीच्या पाण्यात करवत माशाबरोबर आणखी काय काय निघालं ते ती वाचून दाखवत होती. खारफुटीची दोन झाडं. चिखलातला खेकडा. बोय मासा. पाणमांजर. म्हैस.

“म्हैस?” बागूल मॅडमनी कप खाली ठेवला. “ज्वालामुखीवर?”

शलाका हसली. जहाजाच्या स्वयंपाकघरातलं दही असणार, असं तिने सांगितलं. भांडी धुतलेलं पाणी नळीत गेलं असेल, ते नाव कागदातून काढलंय. खारफुटीच्या शेंगा प्रवाहावर तरंगत येतात. पाणमांजराचं कोडं मात्र सुटत नव्हतं, पण करवत माशापुढे पाणमांजराला कोण विचारतो.

दिगंबर दारात उभा होता. त्याला त्या यादीत प्राणी दिसले नाहीत, एक जागा दिसली. कोळंबखोलच्या वाडीच्या खालच्या अंगाला खाडी वळते तिथला डोह. दोन्ही बाजूंनी खारफुटी. वरच्या दगडावर पाणमांजरं येऊन बसत. आणि दुपारच्या वेळी गोविंद गवळ्याच्या सात म्हशी नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून त्या पाण्यात बसत. त्याची होडी तिथेच बांधलेली असे. बाटली तिथेच भरली होती.

तो खाली निघून गेला आणि आपल्या बिछान्यावर बसून राहिला. विचार करायला फार नव्हतं, तरीही तो फिरून फिरून तिथेच येत होता. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. म्हैस कागदातून निघालीच होती. पोरीला जागा मिळेल, नाव होईल. सांगितलं तर बारा माणसांसमोर तिला म्हणावं लागेल की माझ्या बापानेच पाणी बिघडवलं, आणि नाकाला खेळणं म्हणणारे पोट धरून हसतील. पण मग ती अंडी. आणि घरची खाडी. त्या खाडीत कुणा कंपनीची जेटी व्हायची होती. त्यासाठी पावसाळ्यानंतर तोंडापासून डोहापर्यंत गाळ उपसणार होते. गेल्या वर्षी पाहणीवाले असंच एक नाक घेऊन आले, खाडीच्या तोंडाशी वरचं पाणी घेतलं आणि इथे विशेष काही नाही असं लिहून गेले. आत डोहापर्यंत ते आलेच नव्हते. आणि डोहात करवत मासा होता. बाटलीने तेच सांगितलं होतं.

सकाळी आठ वाजता त्याने शलाकाला नाळेवर बोलावलं. दोघंच असली की ती मालवणीत बोलत.

“माका तुका एक सांगूचा आसा,” तो म्हणाला. “पैल्या दिवशी उजाडताना मी हयसून पाणी वतलंय.”

“कसला पाणी?”

“आपल्या खाडीचा. ओळख दिलंय.”

शलाकाला आधी काही समजलं नाही. मग तिने कठड्यावरून खाली वाकून नळीचं तोंड पाहिलं. ते त्यांच्या पायांच्या थेट खाली, दोन हातांवर होतं.

“बाटलीत गाळ होतो?”

“व्हय.”

“खंयसून भरलंस?”

“डोहातसून. म्हशी बसतत थंयसून.”

तिने कठड्यावरचे हात काढून घेतले. मग बोलली तेव्हा आवाज बारीक होता. तिने विचारलं, लोकांच्या पर्समधले तीळ काढणारा माणूस तू, तुझ्या मनात एकदाही आलं नाही? दिगंबर खरं तेच बोलला. नाही आलं. समुद्र एकच वाटला. ती म्हणाली, तीन वर्षं बाबा. मी दोन तासांपूर्वी उठून बोलायचं पाठ करत होते, ती म्हणाली. तू आज सकाळी गप्प बसला असतास तर. एवढं बोलून ती थांबली, कारण पुढचं वाक्य तिलाच नको होतं.

ती पाठ फिरवून चालत गेली. दहा पावलांवर थबकली. मग परत आली, आणि आता तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी होतं.

“बाबा,” ती म्हणाली. “म्हणजे तो आपल्या डोहात आसा.”

“आसा.”

“आणि गाळ उपसतले पावसानंतर.”

“व्हय. म्हणान सांगलंय.”

अकरा वाजता शलाका पडद्यासमोर बसली आणि तिने पहिल्याच वाक्यात सगळं सांगितलं. नोंद चुकीची आहे, जहाजावरून बाहेरचं पाणी पडलं, ते माझ्या वडिलांनी ओतलं, आणि म्हैस दिसली तेव्हाच मी थांबायला हवं होतं, ती मी दही म्हणून काढून टाकली. एका सदस्याने म्हैस हा शब्द दोनदा उच्चारला आणि मागून कुणीतरी हसलं. तिने ते होऊ दिलं. मग ती म्हणाली की यंत्र खोटं बोललेलं नाही, त्याने फक्त दुसऱ्या जागेची गोष्ट सांगितली, आणि तिने खाडीचं नाव सांगितलं.

त्याच दुपारी चारही जहाजांनी आपल्या होड्या उचलल्या. बूबी पक्षी बेटावर परतले. तेवीस अंडी वाया गेल्याचं कॅप्टन मुकादमांनी नोंदवहीत लिहिलं, आणि ओतलेल्या पाण्यातून काही जिवंत रुजलंय का हे पाहायला वर्षभर तपासणी लावली. पुढे तिच्यात काही निघालं नाही. दिगंबरला राखबेटांवर कायमची बंदी झाली. शलाकाचा यंत्र वापरायचा परवाना एक वर्षासाठी थांबवला, नाकाला मोहोर ठोकली. मुंबईची जागा दुसऱ्याला मिळाली. अंदमानच्या धक्क्यावर उतरताना मुकादमांनी दिगंबरचा हात हातात घेतला. आमच्या दाभोळातही ही चाल होती, ते म्हणाले. मी सोडली, इतकंच.

मार्च महिन्यात बाप-लेक कोळंबखोलला आली. जेटीची सुनावणी तीन आठवड्यांवर होती. शलाका जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन आली. तिथल्या अधिकाऱ्याने तिचं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की बिघडलेल्या नमुन्यावरून काम थांबवता येत नाही. फोटो आणा, किंवा घरच्या माणसाखेरीज कुणी पाहिलेलं असू द्या.

घरच्या माणसाखेरीज कोण, हा प्रश्न बागूल मॅडमनी आपसूक सोडवला. सहलीत करवत मासा दाखवायचं कबूल केलं होतं, तो अजून दिसलेला नाही, असा त्यांचा फोन आला. त्यानंतर दोन दिवसांनी त्या घडीची खुर्ची आणि दुर्बीण घेऊन एसटीतून उतरल्या. शलाकाच्या आईने त्यांना माजघर दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोघी मिळून दिगंबरला हसू लागल्या.

रोज ओहोटीच्या वेळी तिघं होडीत बसून डोहावर जात. यंत्र नव्हतं. शलाकाला पहिले तीन दिवस हात कुठे ठेवावेत ते कळेना. ती पाण्याकडे बघायची, दोन मिनिटांत नजर मनगटावर जायची. चौथ्या दिवशी दिगंबर बोलू लागला. त्याच्याकडून कुणी काही शिकल्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तो अडखळत सांगत होता. पाण्यात बघू नको, पाण्याच्या कातडीवर बघ. वारा नसताना जिथे सुरकुती पडते तिथे खाली काहीतरी वळतंय. बगळा एकाच पायावर उभा असेल तर बोय शांत आहे. दोन्ही पाय टेकवले, मान आखडली, तर बोय घाबरलाय, आणि कुणाला घाबरलाय ते शोधायचं. शलाका एकेक विचारत गेली. तिने कधी नव्हे ते वही काढली नाही. बागूल मॅडम खुर्चीत बसून दोघांकडे बघत आणि मध्येच म्हशींना मोजून सातच आहेत ना याची खात्री करून घेत.

सोळा दिवस काही दिसलं नाही. गावातली माणसं काठावरून विचारत, “काय दिगूशेट, मासो गावलो?” दिगंबर हात हलवून नाही म्हणायचा. सुनावणीला तीन दिवस उरले. त्या संध्याकाळी शलाकाने आईला सांगितलं की नाही मिळाला तरी मी बोलणार आहे, हसले तर हसू देत. हे दिगंबरने पडवीतून ऐकलं.

सतराव्या दिवशी ओहोटी खोल होती. डोहाच्या कडेला चिखल उघडा पडला होता आणि त्याला लागून गुडघाभर पाणी उरलं होतं. दिगंबर वरच्या बाजूला बगळ्याकडे बघत होता. शलाकाने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली.

“बाबा,” ती कुजबुजली. “हलू नको. डाव्या हाताक.”

त्याला आधी काही दिसलं नाही. मग चिखल हलला. चिखलाच्याच रंगाचं, हातभर लांबीचं काहीतरी तळाशी पसरलेलं होतं. त्याने नाक डावीकडे फटकारलं, मग उजवीकडे, आणि पाण्यात गाळाचा ढग उठला. बोय माशांची पोरं चारी दिशांना उडाली. ढग खाली बसला तेव्हा करवतीचे दात एकेक मोजता यावेत इतके स्पष्ट दिसले. त्याच्या मागे आणखी एक होता. आणि खारफुटीच्या मुळांशी तिसरा. सगळी या वर्षीची पिल्लं. म्हणजे आई कुठेतरी होती, आणि ती इथे येऊन गेली होती.

शलाकाने फोटो काढले. बागूल मॅडमनी दुर्बीण डोळ्यांना लावली होती आणि काचेच्या खालून त्यांच्या गालावर पाणी येत होतं. दिगंबर माशाकडे थोडा वेळच बघू शकला. तो मुलीकडे बघत होता. तिला ते त्याच्या आधी दिसलं होतं.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला झाली. फोटो सभागृहात हातोहात फिरले. बागूल मॅडमनी साक्ष दिली, आणि पस्तीस वर्षं वर्गावर बोललेलं माणूस उभं राहिलं की काय होतं ते कंपनीच्या वकिलांना कळलं. शेवटी अधिकाऱ्याने नोंदीचा कागद पुढे केला. त्यावर एक रकाना होता, नेमकी जागा. अक्षांश, रेखांश.

शलाकाने पेन उचललं आणि ती थांबली. राखबेटांभोवती घुमणाऱ्या होड्या तिच्या डोळ्यांसमोर असाव्यात. तिने दिगंबरकडे पाहिलं. कुठलाही तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, आपली मासे लागायची जागा दुसऱ्या होडीला सांगत नाही, आणि दिगंबरने तर सख्ख्या भावालाही कधी सांगितली नव्हती. पण इथे खोटं लिहायचं नव्हतं. खोट्याने काय होतं ते दोघांनी पाहिलं होतं.

“पिल्लं एका जागी राहत नाहीत साहेब,” दिगंबर म्हणाला. “भरतीला वर पुलापर्यंत जातात, ओहोटीला खाली येतात. मोठी झाली की तोंडातून बाहेर जातील आणि विणीला परत येतील. खाडी तोंडाशी उपसली तरी दार बंद झालं. एक जागा सांगितली तर ते खरं होणार नाही.”

अधिकाऱ्याने शलाकाकडे पाहिलं. शास्त्र काय म्हणतं, असं त्याने विचारलं.

“हेच म्हणतं,” शलाका म्हणाली, आणि रकान्यात तिने लिहिलं, कोळंबखोल खाडी, संपूर्ण.

गाळ उपसण्याचं काम थांबलं. नवी पाहणी वर्षभर चालायची होती, आणि ती कुणी करावी याच्या शिफारशीत, परवाना परत मिळाल्यावर, शलाका कुबल हे नाव होतं. शेजारी हाताने एक ओळ वाढवलेली होती. निरीक्षक म्हणून स्थानिक जाणकार सोबत असावा.

बाहेर आवारात बागूल मॅडमची धुळ्याची गाडी यायला वेळ होता. त्यांनी पर्स काखेत घट्ट धरली आणि दिगंबरला विचारलं की पुढच्या वर्षी भाचरांना घेऊन यायचं म्हटलं तर नेमकं कुठे यायचं, आणि तो दिसेल ना.

“खाडीत या,” दिगंबर म्हणाला. “दिसला तर दिसला.”

“आणि नाही दिसला तर?”

उत्तर शलाकाने दिलं. “मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं,” ती म्हणाली, आणि मॅडमची घडीची खुर्ची उचलून गाडीकडे चालू लागली.